दिव्यांग माणसासाठी राहायची सोय शोधताय? आधी बाथरूम बघा, भाडं नंतर विचारा

घरात कोणी व्हीलचेअरवर असेल, किंवा ऑटिझम असलेला मोठा झालेला मुलगा असेल, किंवा आजारामुळे बहिणीला एकटं सोडता येत नसेल तर राहायच्या सोयीचा प्रश्न कधी ना कधी येतोच, आणि येतो तो बहुतेक वेळा अचानक. हॉस्पिटलवाले सांगतात उद्या डिस्चार्ज, आणि आपलं घर तिसऱ्या मजल्यावर, बिनलिफ्टचं. किंवा बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला जाते आणि दोन महिन्यांत जागा खाली करायची असते. किंवा जी आई गेली पंचवीस वर्षं मुलाचं सगळं करतेय तिच्याच गुडघ्याचं ऑपरेशन निघतं. आणि या सगळ्याच्या मागे तो एक प्रश्न असतोच, की आमच्यानंतर याचं काय.

पालकांच्या ग्रुपवर या सगळ्यावर एकच मेसेज पडतो, "एखादी चांगली संस्था सांगा ना". अहो पण दोन महिन्यांची सोय वेगळी, जन्माची सोय वेगळी, त्यांची ठिकाणं वेगळी, कागद वेगळे, पैशाचं गणितही वेगळं. माझं यात एक ठाम मत आहे ते आधीच सांगते, तात्पुरती सोय गरज पडायच्या आधी एकदा वापरून बघायची. चार दिवस का होईना. म्हणजे कुठे काय चालतं, आपलं माणूस कसं राहतं, रात्री काय होतं हे कळतं, आणि खरी वेळ येते तेव्हा घाबरून कुठेही टाकून द्यायची पाळी येत नाही.

फोनाफोनी करायच्या आधी

एक कागद घ्या आणि त्यावर माणसाचं नाव, अपंगत्वाचा प्रकार वगैरे लिहायच्या आधी रात्रीचं लिहा. रात्री किती वेळा उठावं लागतं? कूस कोणी बदलायची? मणक्याला मार लागलेल्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते नाहीतर बेडसोर, म्हणजे पडून पडून जखमा, होतात, आणि बेडसोर एकदा झाला की महिनोन्‌महिने पुरतो. फिट येते का, लघवीची नळी आहे का, झोपेत उठून बाहेर जायची सवय आहे का. दिवसा सगळीकडे माणसं असतात हो, सगळं छानच दिसतं, जागा कामाची आहे की नाही ते रात्रीच्या मदतीवरून ठरतं. ज्याला रात्री मदत लागत नाही त्याला साधा भाड्याचा फ्लॅट, पीजी, हॉस्टेल सगळं चालू शकतं. ज्याला लागते त्याला एकतर ब्युरोचा (घरी देखभालीला माणसं पाठवणाऱ्या एजन्सीचा) माणूस हवा नाहीतर संस्था हवी.

मग किती दिवसांसाठी ते लिहा, अंदाजे का होईना. आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) नसेल तर त्याचा अर्ज आजच करा, कारण सरकारी योजना असो नाहीतर म्हाडा, सगळीकडे पहिली मागणी त्याचीच होते. बहुतेक सवलतींना ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व लागतं.

डिस्चार्ज मिळालाय पण घरी नेता येत नाही

सरकारी किंवा मोठ्या हॉस्पिटलमध्ये असाल तर आधी समाजसेवा अधीक्षकांना गाठा. बऱ्याच जणांना माहितीच नसतं की अशी पोस्ट असते, आपण डॉक्टरांच्याच मागे फिरत बसतो. धर्मशाळेसाठी चिठ्ठी, ट्रस्टची मदत, कुठे बेड मिळेल याची माहिती त्यांच्याकडे असते. मुंबईत हाजी अलीला ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ फिजिकल मेडिसिन अँड रिहॅबिलिटेशन आहे, केंद्र सरकारचं, १९५५ पासूनचं, तिथे कृत्रिम पाय, कॅलिपर (पायाला आधार देणारी पट्टी), थेरपी हे सगळं होतं आणि भरती करून घ्यायचीही सोय आहे, तर गावाकडून येणाऱ्यांनी निदान तिथल्या ओपीडीत एकदा दाखवावं. लष्करातल्या माणसांसाठी पुण्यात खडकीला पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर आहे.

बाहेरगावाहून उपचारासाठी आलेल्यांना परळला नाना पालकर स्मृती समितीचं रुग्ण सेवा सदन आणि दादरची गाडगे महाराज धर्मशाळा ही नावं कोणीही सांगेल. पण अशा ठिकाणी हॉस्पिटलची चिठ्ठी लागते, राहायच्या दिवसांना मर्यादा असते आणि वेटिंग असतं, म्हणून ऑपरेशनची तारीख मिळाली की त्याच दिवशी चौकशी सुरू करायची. कुठल्याही धर्मशाळेत फोनवर तीन गोष्टी विचाराच: लिफ्ट आहे का, कमोड आहे की भारतीय संडास, आणि बाथरूम खोलीत आहे की पॅसेजच्या टोकाला. भारतीय संडास असेल तर मधे भोक असलेली कमोडची खुर्ची आपली आपण न्यायची, घडीची मिळते, भाड्यानेही मिळते.

खासगी रिहॅब सेंटर मुंबई-पुण्यात आता बरीच झालीत, दिवसावर पैसे घेतात. तिथे फोनवर सांगितलेला रेट आणि शेवटचं बिल यात फरक कुठे पडतो तर डायपर, ड्रेसिंगचं सामान, औषधं, थेरपीचं जादा सेशन आणि वेगळा अटेंडंट यात. एका ठिकाणी आमच्या ओळखीतल्यांना "सगळं धरून" असं सांगितलं आणि बिलात हातमोजेसुद्धा लावले. रेट व्हॉट्सॲपवर लिहून मागा, त्यात काय काय धरलंय आणि काय धरलेलं नाही दोन्ही.

भाड्याचा फ्लॅट, दोन-चार महिन्यांसाठी

माझ्या मते ज्याच्याबरोबर घरचं एक माणूस राहू शकतं त्याच्यासाठी हीच सगळ्यात बरी सोय. हॉस्पिटलचा पलंग, एअर मॅट्रेस, व्हीलचेअर सगळं महिन्याच्या भाड्याने मिळतं, विकत घ्यायची घाई करू नका. जागा मात्र नीट बघावी लागते आणि एजंटच्या भरवशावर तर अजिबात नाही, कारण एजंटला "व्हीलचेअर चालेल" म्हणजे लिफ्ट आहे एवढंच कळतं.

मेजर टेप घेऊन जा. सगळ्यात आधी बाथरूमचा दरवाजा मोजा, चौकटीच्या आतून, दार पूर्ण उघडून, कारण उघडलेलं दारसुद्धा इंच दीड इंच खातं. आपल्याकडच्या नेहमीच्या घडीच्या व्हीलचेअरची रुंदी साधारण २५-२६ इंच भरते आणि जुन्या फ्लॅटमधली बाथरूमची दारं २४ च्या आसपास. म्हणजे हॉल झकास, बाल्कनीतून डोंगर दिसतोय, आणि माणूस संडासला जाऊ शकत नाही. यावर उपाय आहेत, दार काढून पडदा लावता येतो, किंवा आत नेण्यापुरती अरुंद चाकाची कमोड चेअर घेता येते, पण ते मालकाला आधी विचारून. नियमात बघितलं तर सुगम्यतेच्या मानकांमध्ये दरवाजाची मोकळी रुंदी ९०० मिलिमीटर आणि खुर्ची वळवायला १५०० मिलिमीटरचा गोल धरलाय, भाड्याच्या फ्लॅटमध्ये एवढं मिळालं तर नशीबच समजा, पण आकडा डोक्यात असू द्या.

मग उंबरा. बाथरूमला पाणी बाहेर येऊ नये म्हणून जी ग्रॅनाइटची पट्टी असते ना ती दीड-दोन इंचाची असली तरी खुर्ची अडते आणि ढकलणारा मागून जोर लावतो तेव्हा बसलेला पुढे कलंडतो. लाकडाची छोटी उतरती फळी सुताराकडून करून घेतली की काम होतं. मोठ्या पायऱ्यांना हिशोब सोपा आहे, एक इंच उंचीला एक फूट उतार. सात इंचाची एक पायरी म्हणजे सात फुटी रॅम्प, दोन पायऱ्या म्हणजे चौदा फूट, आणि मग तो रॅम्प पार्किंगमध्ये कोणाच्या तरी गाडीच्या जागेत जातो आणि तिथून पुढे सोसायटीचं राजकारण सुरू. म्हणून जागा बघतानाच गेटपासून लिफ्टपर्यंत पायऱ्या मोजा. लिफ्टच्या आधी तीन पायऱ्या असणाऱ्या बिल्डिंगी इतक्या आहेत की बांधणाऱ्याला धरून विचारावंसं वाटतं. जाळीच्या जुन्या लिफ्टमध्ये खुर्ची मावते का तेही बघा, आणि लाईट गेल्यावर लिफ्टला जनरेटर आहे का.

संडास आणि बाथरूम वेगळे असलेल्या घरापेक्षा एकत्र असलेलं चांगलं, जागा जास्त मिळते. कमोडच्या बाजूच्या भिंतीला हँडल लावायचं असेल तर भिंत ठोकून बघा, टाइल पोकळ वाजत असेल तर तिथे स्क्रू धरणार नाही, आणि जे हँडल माणसाचं वजन पडल्यावर निघून येतं ते नसलेलं बरं.

मालकाशी बोलताना लपवाछपवी नको. "भाऊ, आमचे बाबा व्हीलचेअरवर आहेत, बाथरूममध्ये दोन हँडल लावू आणि जाताना भोकं बुजवून देऊ" असं सरळ सांगितलं की निम्मे मालक हो म्हणतात, उरलेले नाही म्हणतात आणि ते आधीच कळलेलं चांगलं. मग हेच वाक्य लीव्ह अँड लायसन्समध्ये घालून घ्या: हँडल, फळी, काढलेलं दार, आणि डिपॉझिटमधून त्याचे पैसे कापायचे नाहीत. करार लेखी आणि रजिस्टर केलेलाच हवा, महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यात तसं आहे आणि रजिस्टर करून घ्यायची जबाबदारी मालकाची आहे. शक्यतो अकरा महिन्यांच्या करारात एक महिन्याच्या नोटिशीवर सोडायची मुभा ठेवा, कारण तब्येतीचा काही नेम नसतो.

ऐकू न येणाऱ्यांसाठी दाराच्या बेलला दिवा जोडून घेणं आणि दिसत नसलेल्यांसाठी स्टॉपपासून घरापर्यंतचा रस्ता त्यांच्याबरोबर आधी चालून बघणं, एवढं केलं की बाकी घर कोणतंही चालतं. अडचण घराची नसतेच तिथे, मालकाच्या शंकांची असते. "गॅस कसा पेटवणार?" वगैरे. माणसाला स्वतःलाच उत्तर देऊ द्या, आपण मधे बोलू नका.

रिडेव्हलपमेंट

यावर कोणी बोलत नाही म्हणून वेगळं लिहिते. बिल्डर सगळ्यांना सारखं भाडं देतो आणि म्हणतो शोधा. दिव्यांग माणसाच्या कुटुंबाला लिफ्टवाली किंवा तळमजल्याची जागा लागते, ती जवळपास महागच मिळते, आणि जवळच लागते कारण फिजिओथेरपी, शाळा, ओळखीचा रिक्षावाला सगळं तिथेच असतं. हे सगळं विकासकाबरोबरच्या करारावर सह्या व्हायच्या आधी सोसायटीच्या सभेत बोला आणि मिनिट्समध्ये लिहून घ्या. नंतर काही होत नाही. त्याच वेळी नव्या घराचंही मागा, बाथरूमचं दार मोठं, उंबरा नाही, कमोडच्या एका बाजूला खुर्ची लावायला मोकळी जागा. प्लॅन कागदावर असताना हे जवळजवळ फुकटात होतं.

उपकरप्राप्त (दुरुस्तीसाठी वेगळा कर भरणाऱ्या) जुन्या इमारतीतून संक्रमण शिबिरात, म्हणजे तात्पुरत्या घरात, जायची वेळ आली तर म्हाडाच्या दुरुस्ती मंडळाकडे तळमजल्याचा गाळा लेखी मागा, सोबत यूडीआयडीची झेरॉक्स जोडा आणि आपल्या प्रतीवर पोचेचा शिक्का घ्या. तोंडी सांगितलेलं तिथे टिकत नाही.

आईला ऑपरेशन, मुलाला कुठे ठेवायचं

ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता या चार प्रकारांसाठी १९९९ च्या कायद्याने नॅशनल ट्रस्ट झाला, त्याची "समर्थ" ही योजना थोड्या दिवसांच्या निवासासाठी आणि "घरौंदा" ही मोठ्या झालेल्यांच्या कायमच्या निवासासाठी आली. ट्रस्टकडे नोंदणी असलेल्या संस्थाच त्या चालवतात, तेव्हा आपल्या जिल्ह्यात कोणती संस्था नोंदलेली आहे ते ट्रस्टच्या वेबसाइटवर बघा. कोल्हापूरच्या हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड या संस्थेच्या वसतिगृहाचं नावही घरौंदा आहे, नसीमा हुरजूक यांनी १९८४ मध्ये सुरू केलेली संस्था, ती शारीरिक दिव्यांगांसाठी, त्यामुळे नावावरून गोंधळ नको. याच नॅशनल ट्रस्टची निरामय आरोग्य विमा योजना, वर्षाला एक लाखापर्यंतची, ती याच चार प्रकारांसाठी आहे, ती काढून ठेवा. बऱ्याच संस्था प्रवेशाच्या वेळी विमा विचारतात.

नोंदलेली संस्था जवळ नसेल तर आपल्या मुलाच्याच विशेष शाळेत किंवा कर्मशाळेत (मोठ्या मुलांना काम शिकवणाऱ्या केंद्रात) विचारा. निवासी कर्मशाळा असेल तर सुट्टीत एखादी जागा मोकळी असते. आणि पालकांनी आपापसात करायची सोय तर मला सगळ्यात आवडते, दोन-तीन कुटुंबांनी मिळून, एका शनिवारी तुझा मुलगा माझ्याकडे, पुढच्या शनिवारी माझा तुझ्याकडे. मुलांना सवय होते आणि आईला एक दुपार झोप मिळते.

जागा बघायला जाताना एकदा सांगून जा आणि एकदा न सांगता, संध्याकाळी सातच्या सुमाराला. सकाळी ऑफिसातल्या मॅडम असतात, फरशी पुसलेली असते, भिंतीवर मुलांनी काढलेली चित्रं असतात. संध्याकाळी खरं काय ते दिसतं. मी काय बघते सांगू, टॉवेल. प्रत्येकाचा वेगळा, नाव घातलेला, वाळलेला टॉवेल असेल तर तिथे रोज आंघोळ होते आणि कोणाची तरी नजर आहे. एका दोरीवर पाच ओले टॉवेल आणि माणसं वीस, तर काय समजायचं ते समजा. मग नखं, दात, आणि जेवण वाढताना कोणी घास भरवणारा घाई करतोय का. रात्री ड्युटीवर किती जण आणि मुलींच्या बाजूला बाई आहे का हे विचाराच विचारा. "पहिला महिना भेटायचं नाही, मूल रडतं" असं कोणी म्हणालं तर मी तरी तिथून परत फिरेन.

कागद मागायला लाजू नका. २०१६ चा दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम सांगतो की दिव्यांगांसाठीची संस्था नोंदणी प्रमाणपत्राशिवाय चालवताच येत नाही. ते ऑफिसात लावलेलं असतं, नसेल तर दाखवा म्हणायचं, तारीख संपलेली नाही ना तेही बघायचं. तक्रार करायची वेळ आली तर राज्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे, ऑफिस पुण्यात आहे.

सोबत द्यायला एक पानभर माहिती लिहा, संस्थेचा छापील फॉर्म पुरत नाही. फिटचं औषध किती वाजता हे तर हवंच, पण "नको असेल तर मान फिरवतो", "कुकरच्या शिट्टीला घाबरतो", "वरण-भात कालवून लागतो, वेगवेगळं दिलं तर खात नाही" हे त्यात हवं. नव्या मावशीला यातूनच आपलं माणूस कळणार.

मानसिक आजार असेल तर

ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी ही चार प्रादेशिक मनोरुग्णालयं सगळ्यांना माहिती आहेत, पण बरं वाटल्यावर पुढे कुठे, हा खरा प्रश्न. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात हाफवे होम (रुग्णालय आणि घर यांच्या मधला मुक्काम) आणि आधार देणारी घरं सरकारने उभी करावीत असं लिहिलंय, आणि घरचे नेत नाहीत एवढ्याच कारणाने कोणाला रुग्णालयात ठेवता येणार नाही असंही. प्रत्यक्षात अशी घरं फारच कमी, त्यातली बहुतेक खासगी किंवा ट्रस्टची. एकच सावधगिरी सांगते, व्यसनमुक्ती केंद्र आणि मानसिक आजाराचं पुनर्वसन केंद्र एकाच छपराखाली, एकाच खोल्यांत चालत असेल तर नीट चौकशी करा, राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाची नोंदणी आणि भेट द्यायला येणाऱ्या मानसोपचारतज्ज्ञांचं नाव विचारा, आणि त्या डॉक्टरांना स्वतः फोन करून खात्री करा.

कायमचं

बालगृहांची आणि बऱ्याच निवासी शाळांची मर्यादा अठरा वर्षं. त्यानंतर काय, हे व्यवस्थेने अजून नीट सोडवलेलं नाही. अमरावती जिल्ह्यात वझ्झरला शंकरबाबा पापळकर अनाथ दिव्यांग मुलांना अठरानंतरही सांभाळतात, २०२४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, आणि अशा मुलांना अठरानंतरही आश्रय देणारा कायदा व्हावा अशी त्यांची कित्येक वर्षांची मागणी आहे. ज्यांना आईवडील आहेत त्यांच्यासाठी पालकांनीच उभ्या केलेल्या संस्था आहेत, बदलापूरची आधार ही त्यातली एक. कायमच्या प्रवेशात एकरकमी डिपॉझिट, महिन्याचा खर्च आणि दरवर्षीची वाढ असते, तर माणूस तिथे रमला नाही तर डिपॉझिटपैकी किती परत आणि किती दिवसांत, हे करारात नसेल तर सही करू नका.

स्वतःचं घर घ्यायचं असेल तर २०१६ च्याच कायद्याच्या ३७ व्या कलमात सरकारी गृहयोजनांमध्ये ५ टक्के आरक्षण आहे. म्हाडा-सिडकोच्या लॉटरीत दिव्यांगांचा वेगळा कोटा असतो, अर्जात तो प्रवर्ग निवडायला विसरू नका. पंतप्रधान आवास योजनेच्या इमारतीत घर लागलं तर दिव्यांग असलेल्या कुटुंबाला तळमजला किंवा खालचा मजला प्राधान्याने द्यायचा आहे, तो मागावा लागतो. गावात ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात, ग्रामसभेत उठून यंदा ते कशावर खर्च झाले हे विचारा, रॅम्प किंवा संडास दुरुस्तीसाठी अर्ज द्या.

आणि पालकत्वाचा कागद. मुलगा अठरा वर्षांचा झाला की कायद्याने तो सज्ञान, आपण त्याच्या वतीने संस्थेच्या करारावर किंवा बँकेत सही करायला गेलो की अडतो. नॅशनल ट्रस्टच्या वरच्या चार प्रकारांत कायदेशीर पालक नेमायचं काम जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक स्तर समिती करते, बाकीच्यांना २०१६ च्या कायद्यातलं मर्यादित पालकत्व आहे. समितीची बैठक रोज नसते, फाइल पडून राहते, तेव्हा अठरावा वाढदिवस झाला की त्याच महिन्यात अर्ज टाका, आणि आपल्यानंतर हे काम कोण करणार त्या भावाला, बहिणीला किंवा भाचीला आधी विचारून, तिला एकदा त्या संस्थेत घेऊन जाऊन मगच पुढचं नाव ठरवा.